लंगोट कोण धुणार?

'पर्यावरणपूरक घरासाठी दहा सोप्या गोष्टी' ही यादी तुमच्याकडेही येत असेलच. कधी रविवारच्या पुरवणीत, कधी फॅमिली ग्रुपवर, तर कधी ऑफिसात जागतिक पर्यावरण दिनाच्या मेलमधून (सोबत तुळशीच्या रोपाचा फोटो). यादी साधारण ठरलेली असते. बाळाला डायपर नको, कापडी लंगोट वापरा. ओल्या कचऱ्याचं घरच्या घरी खत करा. भांड्यांसाठी लिंबाच्या सालींपासून क्लीनर बनवा. मुलांना पाकिटातला खाऊ देऊ नका, घरी करा. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवा. भाजी कापडी पिशवीतून, मंडईतून, शक्यतो चालत जाऊन आणा.

यात चुकीचं काहीच नाहीये. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी घेतली तर पटते. पण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे कुठलीही यादी दिसली की डोक्यात आपोआप दोन कॉलम उघडतात. याला किती तास? आणि हे काम कोणाच्या नावावर? आमच्याकडे या दोन कॉलमशिवाय साधा बटणाचा रंगही बदलत नाही. या याद्यांमध्ये मात्र ते दोन्ही कॉलम नसतात. 'खत करा', 'लंगोट वापरा', 'घरी बनवा'. सगळी आज्ञार्थी क्रियापदं, आणि कर्ता गायब!

ज्या घरात दोघं नोकरी करतात आणि दोन लहान मुलं आहेत, तिथे इच्छेचा तुटवडा नसतो. वेळेचा असतो. आमचंच उदाहरण घ्या. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा, घर कोथरूडला, दोघांची ऑफिसं हिंजवडीत. सकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा या सोळा तासांत मोकळी अशी वीस-पंचवीस मिनिटं निघाली तर त्या दिवशी स्वतःला शाबासकी द्यायची. अशा घरात तुम्ही रोजचं अर्ध्या तासाचं काम वाढवता, तेव्हा तो अर्धा तास कुठून तरी काढावा लागतो. कुणाच्या तरी झोपेतून, कुणाच्या तरी जेवणातून. आणि बहुतेक घरांत तो 'कुणीतरी' कोण असतो, हे सांगायला हवं का?

म्हणूनच घरातले हिरवे निर्णय दोन मापांनी मोजावेत असं माझं मत आहे. किती किलो वाचले, आणि कुणाची किती मिनिटं गेली. दुसरं माप न लावता ठरवलेलं शाश्वत जगणं फार दिवस चालत नाही. चाललंच, तर कोणीतरी एकटी ते ओढत असते.

"आमच्या वेळी हे सगळं होतंच की!" हे वाक्य येणारच, आणि ते खरंही आहे. मराठी घरात कचरा असा फारसा नसायचाच. बाळाला पहिले काही दिवस मुद्दाम दुसऱ्या मुलाची वापरलेली, मऊ झालेली झबली घालायची पद्धत होती. जुन्या नऊवारीची दुपटी आणि गोधड्या व्हायच्या, त्यातून उरलेल्याचे लंगोट, लंगोट विरले की फरशी पुसायला. बोहारणीला कपडे देऊन पातेली यायची. रद्दी वाण्याकडे जाऊन तिच्या पुड्या व्हायच्या. शिळ्या पोळ्यांची फोडणीची पोळी तर अजूनही होते. ही आजच्या कुठल्याही प्रेझेंटेशनला लाजवेल अशी साखळी होती.

पण ही साखळी चालवत कोण होतं? दुपटी शिवणारी, लंगोट धुणारी, राख-चिंच लावून पितळ घासणारी बाई घरात दिवसभर होती. तिच्या वेळेची किंमत शून्य धरलेली होती, म्हणून ते सगळं 'फुकट' वाटायचं. आजही चित्र फार बदललेलं नाही. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०१९ साली टाइम यूज सर्व्हे केला. त्यात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्या कामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. पुरुषांचा हा आकडा फक्त जे काम करतात त्यांचा आहे, आणि त्या दिवशी असं काम केलेले पुरुष साधारण चारात एक होते. २०२४ च्या सर्व्हेत बायकांची मिनिटं २८९ वर आली. पुरुषांचीही कमी झाली, ८८ वर! म्हणजे मिक्सर, वॉशिंग मशीन, फूड डिलिव्हरी यांनी जो काही वेळ वाचवला, तो दोघांनी जवळपास सारखाच वाटून घेतला. काम मात्र वाटून घेतलं नाही.

आता या पार्श्वभूमीवर डायपरचं गणित करू. लहान मूल असलेल्या घरात सगळ्यात जास्त टोमणे याच विषयावर मिळतात, म्हणून तोच घेते.

दिवसाला पाच डायपर धरले तर वर्षाला १,८२५. त्यात लाकडाचा लगदा असतो, प्लास्टिक असतं आणि पाणी शोषून फुगणारं पॉलिमर असतं. हे सगळं एकमेकांना चिकटलेलं, वर बाळाची शी. ना खत होतं, ना रिसायकलिंग. कचरा म्हणून डायपर वाईटच, यात वाद नाही.

कार्बनच्या हिशोबात मात्र प्रकरण इतकं सरळ नाहीये. ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने २००८ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. अडीच वर्षांच्या डायपरचं उत्सर्जन त्यांनी साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइड एवढं काढलं, आणि कापडी लंगोटांचं ५७०. म्हणजे जवळजवळ सारखंच. कारण तिकडे गरम पाण्याचं वॉशिंग मशीन आणि वर विजेचा ड्रायर. मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडाचा आकडा सुमारे २०० किलोंनी खाली येतो. २०२३ साली तिथल्या सरकारच्या नव्या अभ्यासात कापड साधारण पाव हिश्शाने सरस ठरलं. कापड चांगलं की वाईट हे अखेर धुण्यावाळवण्यावर ठरतं. आपल्याकडे गार पाणी, गॅलरीतली दोरी आणि पुण्याचं ऊन. म्हणजे आपण कापडाच्या बाजूने बरेच पुढे आहोत (पावसाळ्याचे चार महिने सोडून, तेव्हा घरभर तोरणं!).

झालं, मग कापडच वापरावं! पण थांबा, दुसरा कॉलम राहिला. झटकणं, खळबळणं, भिजवणं, धुणं, वाळत घालणं, घड्या. एका आठवड्यात मी घड्याळ लावून मोजलं. रोज सरासरी चाळीस मिनिटं. वर्षाचे २४३ तास झाले, म्हणजे ऑफिसच्या आठ तासांच्या भाषेत पूर्ण तीस दिवस. जगातली कुठलीही कंपनी इतकी रजा लंगोटांसाठी देत नाही.

आणि "मावशी आहेत ना धुवायला" हे उत्तर मला चालत नाही. मावशींच्या घरी पण संध्याकाळ असते. काम वाढवलं तर पगार वाढवायचा, आणि शीचे लंगोट धुवायचे की नाही हे त्यांना आधी विचारायचं. ते न करता 'आम्ही डायपर वापरत नाही' असं अभिमानाने सांगणं म्हणजे आपला पर्यावरणवाद दुसऱ्याच्या कमरेवर उभा करणं.

आमच्याकडे तोडगा असा निघाला: दिवसा कापड, रात्री एक डायपर. १,८२५ चे ३६५ झाले. वर्षाच्या १,४६० डायपरचा कचरा वाचला आणि रात्रीची झोप शाबूत राहिली. लंगोट सकाळी नवरा धुतो, वाळत मी घालते. शंभर टक्के शुद्ध नाही, पण दहा महिने चालू आहे. पूर्ण कापडाचा हट्ट धरून तिसऱ्या आठवड्यात पूर्ण डायपरवर आलेली घरं ओळखीत तीन-चार आहेत.

आता हेच ५५० किलो दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवा. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर धरू, लिटरला पंधराचं मायलेज, वर्षाला २२० दिवस. उत्तर येतं साडेतेराशे किलोंच्या आसपास. ५५० किलो अडीच वर्षांचे आहेत, म्हणजे डायपरचे वर्षाला २२०. एकट्याने कार घेऊन ऑफिसला जाणारा माणूस एका वर्षात सहा बाळांच्या डायपरएवढा धूर सोडतो. पण बारशाला आलेली कुठलीही काकू बाळाच्या बापाला "तू बसने का नाही जात रे?" असं विचारत नाही. डायपर मात्र सगळ्यांना दिसतो, आणि त्याचा जाब आईला द्यावा लागतो. हा अन्याय तर आहेच, शिवाय हिशोबही चुकीचा आहे. जे डोळ्यांना दिसतं त्याला आपण मोठं समजतो.

आणखी एक न दिसणारी गोष्ट म्हणजे पंखे. साधा पंखा ७०-७५ वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास. तीन पंखे, दिवसाला बारा तास, वर्षाला ३०० दिवस असं धरलं तर साधारण ४८० युनिट वाचतात. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास उत्सर्जन करते. म्हणजे सव्वातीनशे किलो, दरवर्षी, आणि त्यासाठी लागलेली मिनिटं? इलेक्ट्रिशियन आला तो एक तास. एसीचंही तेच. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते, आणि म्हणूनच २०२० पासून स्टार लेबलचे एसी चालू करताच २४ अंशांवर सुरू होतात. लोकांना रोज उपदेश करण्यापेक्षा डीफॉल्ट बदलला. माझ्यासारखीला हे फारच आवडलं :)

यावरून मी घरापुरते तीन डबे केलेत (कचऱ्याचे नव्हे, निर्णयांचे).

पहिला डबा, एकदाच करायच्या गोष्टी. पंखे, एलईडी दिवे, नळांना एरेटर, सोलर हीटर शक्य असेल तर तो, कंपनीच्या बसचा पास, आणि सगळ्यात मोठी म्हणजे घर आणि ऑफिस यांतलं अंतर. भाड्याचं घर बदलताना दहा किलोमीटर कमी केले, तर दोन तासही वाचतात आणि किलोही. यात एकदा डोकं आणि पैसे घालायचे, मग विसरून जायचं.

दुसरा डबा, न करायच्या गोष्टी. हा माझा सगळ्यात लाडका, कारण यात वेळ उलट वाचतो. वाढदिवसाची रिटर्न गिफ्टं बंद. पंचवीस मुलांसाठी पंचवीस प्लास्टिकच्या वस्तू शोधायला एक अख्खा शनिवार जातो आणि त्यातल्या चोवीस आठवड्यात मोडतात. मुलांचे कपडे नवे घ्यायचेच नाहीत असं नाही, पण सोसायटीतल्या मोठ्या मुलांचे येतात ते आनंदाने घ्यायचे. दोन वर्षांचं मूल कपड्यातून चार महिन्यांत बाहेर येतं, कपडा विरायला वेळच कुठे मिळतो? दहा मिनिटांत घरी येणारं सामान आठवड्यातून एकदाच मागवायचं. खोके कमी, दार उघडायला धावणं कमी.

तिसरा डबा, रोज करायच्या गोष्टी. इथे हात आखडता घ्यायचा. एका वेळी एकच नवीन गोष्ट, आणि ती सुरू करण्याआधी 'कोणाच्या नावावर' हा कॉलम भरायचा. 'आपण करू' हे नाव चालणार नाही. 'आपण' नावाचा माणूस कुठल्याच घरात लंगोट धुताना दिसलेला नाही.

मग कुणी म्हणेल, रोजच्या कामांना इतकं घाबरायचं तर कचरा वेगळा तरी कशाला करायचा? इथे मात्र माझं मत ठाम आहे. ते करायचंच, आणि तेही मिनिटांच्याच हिशोबाने.

ओला आणि सुका वेगळा ठेवायला घरात काही सेकंद लागतात. ते आपण वाचवले तर ते वाचत नाहीत, पुढे सरकतात. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्यांत 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, तिच्यातून आणि महापालिकेच्या करारातून २००८ साली 'स्वच्छ'चं काम सुरू झालं. यात बहुसंख्य बायका. आपण एकत्र टाकलेला डबा त्यांना उपसावा लागतो, हाताने. त्यात उघडा डायपर असला तर तो सुद्धा. म्हणूनच डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करून द्या, असं त्या सांगतात. २०१३ साली तर त्यांनी वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवायची मोहीम केली होती. तुम्ही बनवता, तर पुढचं पण बघा! २०१६ च्या घनकचरा नियमांत प्रत्येक डायपर-पॅडसोबत विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टण देण्याची गोष्ट आली. घरी आलेल्या पाकिटांत अशी पिशवी किती वेळा सापडली, हे ज्याचं त्याने आठवावं. तोवर आपला जुना पेपर आणि लाल स्केचपेन. पाच सेकंद.

आणि हा कचरा पुढे जातो कुठे, तर वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर गेला. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथे आग लागली आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहरातल्या पेट्या भरून वाहायला लागल्यावर आपल्याला ही नावं कळली. आपण न दिलेल्या पाच सेकंदांची किंमत आधी कचरावेचक बाई देते, मग फुरसुंगीचं एखादं घर देतं. घरातल्या बाईच्या मिनिटांचा हिशोब मागायचा आणि दारावरच्या बाईच्या मिनिटांचा विसरायचा, असं चालणार नाही.

खताचं काय? गॅलरीतल्या बास्केटमध्ये खत करणाऱ्यांना माझा नमस्कार आहे, आवड असेल तर जरूर करावं. पण साठ फ्लॅटच्या सोसायटीत प्रत्येकाने रोज दहा मिनिटं दिली तर ते दहा तास होतात. तेच काम खाली एका सामायिक खड्ड्यावर, नीट पगार दिलेला एक माणूस दोनेक तासांत करतो. शिवाय गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांसाठी पुणे महापालिका मिळकतकरात सवलतही देते. म्हणजे बादली ढवळण्यापेक्षा सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन तास बसून, पार्किंगची भांडणं ऐकत, हा ठराव मंजूर करून घेणं जास्त फायद्याचं. कंटाळवाणं आहे, मान्य. फोटोही चांगला येत नाही.

"पण मुलांवर संस्कार कसे होणार? त्यांना दिसायला नको का?" हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बीएलडीसी पंख्यातून साडेतीन वर्षांच्या मुलीला काहीच कळत नाही. तिला लाल ठिपका कळतो. तो काढायचं काम तिनेच मागून घेतलंय, आणि ती ठिपक्याला कधी कधी डोळेही काढते. पण तिला आणखी एक गोष्ट दिसते: बाबा लंगोट पिळतोय. पृथ्वी वाचवायची म्हणून आई रात्री अकराला बायोएन्झाइम ढवळत बसलेली तिने पाहिली असती, तर तीही एक शिकवणच झाली असती. वीस वर्षांनी तिने ती बादली निमूटपणे उचललेली मला नकोय.

आणि "आपण एकट्याने करून काय फरक पडणार?" याचं उत्तर मी सरळ देते. फार नाही पडणार. बस वेळेवर आली, फुटपाथवरून बाबागाडी ढकलता आली, कंपनीने पिशवी दिली, तर जो फरक पडेल त्यापुढे आपले पंखे किरकोळ आहेत. पण ते मागायला पण वेळ आणि ताकद लागते. ज्या माणसाची सगळी मिनिटं बरण्या धुण्यात गेलीत तो नगरसेवकाकडे कधी जाणार? म्हणून सुद्धा मिनिटं जपून वापरायची.

तेव्हा पुढच्या वेळी ती दहा सोप्या गोष्टींची यादी आली, तर एवढंच करा. पेन घ्या, उजवीकडे दोन उभ्या रेघा मारा, वर 'किती वेळ' आणि 'कोण' असं लिहा. घरातल्या सगळ्यांना बसवून ते कॉलम भरा. 'कोण'च्या खाली एकच नाव दहा वेळा आलं, तर पर्यावरणाचं काम सुरू करायच्या आधी तेवढं दुरुस्त करा.